वाटेकडेला फुलं कमी का? कास पठारावर चुकलेला एक प्रश्न

पीएचडीच्या पहिल्याच हंगामात माझ्या हाती एक झकास उत्तर लागलं होतं. अडचण एवढीच, की ते उत्तर टिकणारं नव्हतं. का, ते आज सांगते. कारण तुम्ही पहिल्यांदा फील्डवर जाल तेव्हा हीच चूक तुमचीही वाट बघत बसलेली असेल.

आधी जागा समजून घ्या. साताऱ्याच्या पश्चिमेला साधारण २५ किलोमीटरवर, सुमारे १२०० मीटर उंचीवर कास पठार आहे. जवळच कास तलाव, ज्याचं पाणी सातारा शहर पितं. पठारावरून राजमार्ग नावाची जुनी वाट कुमुदिनीच्या तळ्याकडे जाते. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यात कासही आहे.

पठाराच्या माथ्यावर जांभा दगड आहे. त्यावर मातीचा थर कुठे बोटभर, कुठे वीतभर, कुठे अजिबातच नाही. कुठलं फूल कुठे येणार, हे बऱ्याच अंशी यावरून ठरतं. पावसात जिथे पातळ माती चिंब राहते तिथे पांढऱ्या गेंदांचे ताटवे आणि निळी-जांभळी ‘सीतेची आसवं’ दिसतात. अशा मातीत नायट्रोजन कमी असतो, म्हणून ही आसवं जमिनीखालच्या बारीक पिशव्यांमध्ये सूक्ष्म जीव पकडून खातात! जिथे माती थोडी जाड, तिथे तेरडा, सोनकी, कवला. पाणी साचून राहतं अशा जागी वायतुरा. त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे: अपोनोजेटॉन सातारेन्सिस.

माझा प्रश्न साधा होता. माणसांच्या ये-जा करण्याने फुलझाडांचं नुकसान होतं का? मी एक पायवाट निवडली. वाटेला लागून एक मीटर बाय एक मीटरची चौकट टाकायची, आतल्या प्रजाती मोजायच्या. मग वाटेपासून पाच मीटरवर, मग पंधरा मीटरवर. अशा तीस चौकटी झाल्या. आलेख काढला तर अगदी सुरेख रेघ! वाटेजवळ प्रजाती कमी, लांब जावं तशा जास्त. अहवालाचं शेवटचं वाक्यही लिहून ठेवलं: ‘ही वाट बंद करावी.’

हंगाम संपत आला तेव्हा गावातले एक मामा माझी चौकट बघत उभे होते. मी कौतुकाने निष्कर्ष सांगितला. ते म्हणाले, “अगं पोरी, तिथं खाली दगुडच हाय, फुलं येणार कुठनं? चिखलात पाय रुतू नये म्हणून तर आमी दगडावरनं चालतो.”

झालं! माझा आख्खा हंगाम त्या दोन वाक्यांत बसला.

मी धरून चालले होते की वाट पडली म्हणून फुलं कमी झाली. पण वाट मुळात तिथेच पडली होती जिथे माती नव्हती, म्हणजे फुलं आधीपासूनच कमी असणार. मातीची जाडी वाटेची जागाही ठरवत होती आणि फुलांची संख्याही. दोन गोष्टींच्या मागे अशी तिसरी गोष्ट लपलेली असते तेव्हा त्याला कन्फाउंडिंग म्हणतात. लक्षात घ्या, वाटेने नुकसान होत नाही असं यातून सिद्ध होत नाही. माझी मांडणी दोन्ही शक्यता वेगळ्या करूच शकत नव्हती, इतकंच.

दुसरी चूक माझ्या गाईडनी दाखवली. तीस चौकटी म्हणजे तीस नमुने असं मी समजत होते. पण त्या सगळ्या एकाच वाटेवरच्या. ‘वाटांचा परिणाम’ विचारायचा तर नमुना वाट हा आहे, आणि माझ्याकडे वाट एकच होती. याला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये याच विषयावर लिहिलेला शोधनिबंध फील्डवर जाण्याआधी वाचाच.

मग नवी मांडणी अशी केली:

१. एका वाटेऐवजी अनेक वाटा, एकमेकींपासून लांबच्या.
२. प्रत्येक चौकटीत लोखंडी सळईने मातीची खोली मोजायची, आणि सारख्याच खोलीच्या जोड्या करायच्या. एक चौकट वाटेजवळ, एक लांब.
३. योग्य जागांपैकी नेमकी कुठली घ्यायची ते रँडम आकड्यांनी ठरवायचं. नाहीतर नजर आपोआप रंगाकडे जाते.
४. त्याच चौकटींना हंगामात पुन्हा पुन्हा भेट द्यायची. पठाराचा रंग आठवड्यागणिक बदलतो. आज न फुललेलं झाड म्हणजे नसलेलं झाड नव्हे. टोपली कारवी तर साधारण सात वर्षांनी फुलते, आपली फेलोशिपसुद्धा तेवढी नसते!

हे काम अजून चालू आहे, त्यामुळे उत्तर आज देणार नाही.

हा नुसता आकडेमोडीचा खेळ नाही. गर्दी वाढली तेव्हा पठाराला तारेचं कुंपण घातलं गेलं. मग गुरांचं चरणं थांबलं, गवत माजलं आणि फुलं घटली, असं स्थानिक लोक सांगू लागले. पुढे कुंपण काढलं गेलं. आता तुम्हीच सांगा, फुलं खरंच घटली असतील तर ती चराई थांबल्यामुळे, गर्दीमुळे, की त्या वर्षांच्या पावसामुळे? शेजारी-शेजारी चराईचे आणि बिनचराईचे तुकडे राखून अनेक वर्षं मोजल्याशिवाय हे वेगळं करता येत नाही. आणि निर्णय तर घ्यावेच लागतात. माझा तो पहिला अहवाल कुणी मनावर घेतला असता, तर मामांची रोजची वाट बंद झाली असती आणि फुलांच्या पदरात काय पडलं असतं ते कुणालाच ठाऊक नाही.

म्हणून एक गृहपाठ. तुमच्या प्रश्नातली ‘अ’मुळे ‘ब’ होतं ही जोडी कागदावर लिहा. खाली लिहा: ‘अ’ तिथेच का आहे? याचं उत्तर ग्रंथालयात नाही मिळालं तर त्या जागी रोज चालणाऱ्या माणसाला विचारा. आणि हो, पहिली चौकट टाकण्याआधी विचारा. वनविभागाची परवानगी घ्या, फूल तोडू नका, आणि पाय शक्यतो दगडावरच ठेवा. मामांसारखे.