शुश्रूषा : घरच्या हातांची

आजाऱ्याची सेवा या अर्थाने 'शुश्रूषा' हा शब्द मराठीत रूढ झाला आहे. परंतु संस्कृतात त्याचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर घरी परतलेल्या माणसाच्या बाबतीत हा मूळ अर्थच अधिक खरा ठरतो.

म्हैसूरचा लष्कर मोहल्ला घ्या. अशोक रोडवर १९३६ साली पुऱ्या झालेल्या सेंट फिलोमिना चर्चची उंच जोडशिखरे दिसतात, आणि त्यांच्या छायेत दाटीवाटीची जुनी घरे उभी आहेत. म्हैसूरच्या अशा जुन्या वस्त्यांतून मराठी बोलणारी कुटुंबेही राहत आली आहेत. त्यांपैकी एखाद्या घरातील आजोबांच्या हृदयावर बायपास शस्त्रक्रिया झाली, असे समजा. शस्त्रवैद्य छातीचे मधले हाड कापतो व काम संपताच ते तारांनी बांधून टाकतो. रुग्ण साधारण आठवड्याभरात घरी येतो. हाड सांधण्यास मात्र सहा ते आठ आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. म्हणजे भरून येण्याचे बहुतेक काम रुग्णालयात होतच नाही; ते घरच्या माजघरात होते.

हे ओळखून म्हैसुरातच एक प्रयोग झाला. डॉ. देवी शेट्टी यांच्या नारायण हेल्थ या संस्थेने सुमारे २०१३ साली येथे अल्पखर्चाचे रुग्णालय उघडले, आणि रुग्णासोबत येणाऱ्या आप्तांना काही तासांचे शुश्रूषेचे शिक्षण देण्यास आरंभ केला. खाटेशेजारी हताशपणे बसून राहणारा भाऊ अथवा सून उपचाराचा भागीदार होऊ शकते, हा त्यामागचा विचार होता.

या शिक्षणाचा विषय मोठा नसतो. लहानसहान गोष्टींचाच असतो. खोकला आला की छाती दुखते, म्हणून रुग्ण खोकणे टाळतो व कफ साचतो. अशा वेळी छातीशी घट्ट धरायला एक उशी हाती दिली, की खोकणे सुसह्य होते. पाण्याचा तांब्या, चष्मा, औषधे हाताच्या अंतरावर ठेवली, की ताणून हात लांबवावा लागत नाही. पायातील शीर काढलेली असल्यास बसताना पायाखाली एक पाट सरकवला, म्हणजे सूज उतरते. भूक मंदावलेली असते, म्हणून भरल्या ताटापेक्षा दोन-दोन तासांनी वाटीभर मऊ भात किंवा पेज बरी. जखमेला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुणे, हीही मायाच होय. ताप, जखमेतून पू किंवा धाप लागणे यांची वेळीच दखल घेऊन डॉक्टरांकडे नेणे ही तर सर्वांत मोठी.

मायेलाही मर्यादा मात्र हवी. 'तुम्ही उठू नका' असे दिवसभर म्हणणारी माया रुग्णाला खाटेला जखडून ठेवते. पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा व फुप्फुसे आखडण्याचा धोका वाढतो. त्याऐवजी सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत सोबतीने चालणारा नातू अधिक उपकार करतो. आजोबांनी शेंगा सोलल्या, तर सोलू द्याव्यात; आपण अजून घरच्या उपयोगाचे आहोत, ही जाणीवही औषधाइतकीच लागते. अशा शस्त्रक्रियेनंतर अनेकांना काही आठवडे उदासी येते. तिला 'उगाच रडता कशाला' हे उत्तर नव्हे; शेजारी बसून ऐकणे हे उत्तर होय.

यात केवळ भावनेचा भाग नाही. कुलिक आणि माहलर या अमेरिकन संशोधकांनी १९८९ साली बायपास झालेल्या पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या पत्नी रुग्णालयात वारंवार भेटीस येत, त्यांना वेदनाशामक औषधे कमी लागली व ते लवकर सावरले, असे त्यांना आढळले.

परंतु या हिशेबाची दुसरी बाजू सहसा कोणी मांडत नाही. १९९५ साली अमेरिकेतच आणखी एक अभ्यास झाला. स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांची सेवा करणाऱ्या तेरा स्त्रियांच्या हातावर मुद्दाम एक लहानशी जखम करण्यात आली. ती भरून येण्यास इतर स्त्रियांपेक्षा सुमारे नऊ दिवस अधिक लागले. दुसऱ्याला बरे करणारे शरीर स्वतः मात्र सावकाश बरे होते! आपल्या घरांत हा भार बहुधा एका सुनेवर किंवा लेकीवर पडतो आणि ती कधी थकते, हे विचारण्याची पद्धत नाही.

म्हणून घरात दोन माणसांची काळजी घ्यावी लागते : खाटेवरच्या आणि खाटेपाशी उभ्या असलेल्या. दुपारी जावेने स्वयंपाक उचलावा, रात्रीच्या औषधाची वेळ मुलाने सांभाळावी, शेजाऱ्यांनी समाचाराला थोडा वेळच बसावे व येताना डबा आणावा. या गोष्टींना पैसा लागत नाही. कोणाला कशाची गरज आहे, हे ऐकण्याची इच्छा मात्र लागते. आणि शुश्रूषा म्हणतात ती हीच.