परसबागेची पुस्तके आणि महाड-पोलादपूरचे परस

परसबागेवरील पुस्तकांचा आज तोटा नाही. शाळेच्या कपाटात, तालुक्याच्या वाचनालयात, शेतकी प्रदर्शनातील दुकानात ती सहज दृष्टीस पडतात. अडचण निराळीच आहे. पुस्तक एका मुलखासाठी लिहिलेले असते आणि ते वाचणारा दुसऱ्या मुलखात राहत असतो. पुण्याच्या हवेचा अनुभव असलेला लेखक जूनमध्ये मेथी व कोथिंबीर पेरावी असे लिहितो. पोलादपूरच्या एखाद्या डोंगरवाडीत तसे केले, तर पहिल्या मोठ्या सरीबरोबर बी वाहून जाते आणि जे उरते ते आठ दिवसांत कुजते. महाड व पोलादपूर तालुक्यांत वर्षाला ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो व तो जवळजवळ सगळा चार महिन्यांतच पडतो. पुढील आठ महिने आकाशातून काही मिळण्याची आशा नसते. असा मुलूख डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले पुस्तक क्वचितच सापडते. म्हणून परसबागेचे पुस्तक हाती घेताना ते कोणी, कोठे व कोणासाठी लिहिले हे प्रथम पाहणे अगत्याचे आहे.

या विषयावरील लेखन आपल्या देशात फार जुने आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त वृक्षायुर्वेदाला एक अध्याय दिला आहे. झाडे लावण्यापूर्वी जमिनीत तीळ पेरावे आणि ते फुलावर आले म्हणजे तेथेच मातीत मिसळावे, असे त्याने सांगितले आहे. आज ताग किंवा धैंचा गाडून हिरवळीचे खत करतात, त्याचेच हे जुने रूप होय. सुरपालाचा 'वृक्षायुर्वेद' हा सुमारे हजार वर्षांपूर्वीचा मानला जाणारा ग्रंथ. त्याची हस्तलिखित प्रत ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात होती. सिकंदराबाद येथील एशियन ॲग्री-हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने १९९६ साली तो भाषांतरासह प्रसिद्ध केला. मांस, मज्जा इत्यादी पदार्थ शिजवून व आंबवून केलेल्या 'कुणपजल' नावाच्या खताची कृती त्यात आहे. हे ग्रंथ मुख्यतः राजांच्या व श्रीमंतांच्या उपवनांसाठी रचलेले आहेत, हे वाचताना विसरू नये. न्हाणीमागच्या चार वाफ्यांचा विचार त्यांत फारसा नाही.

तो विचार ज्या मराठी लेखनात स्पष्टपणे आढळतो ते बागेचे पुस्तकच नव्हे. रामचंद्रपंत अमात्यांनी इ.स. १७१५ च्या सुमारास लिहिलेले 'आज्ञापत्र' हा राज्यकारभाराचा ग्रंथ होय. त्यात गडांच्या व्यवस्थेचे एक प्रकरण आहे. गडावर केरकचरा पडू देऊ नये, झाडलेला केर गडाखाली लोटून न देता जागच्या जागी जाळावा, ती राख परसांत घालावी आणि घरोघर होईल तो भाजीपाला करवावा, असा आदेश तेथे दिला आहे. हा आदेश सर्वच गडांना उद्देशून आहे. परंतु महाड तालुक्यातील रायगडाचा माथा ज्याने पाहिला आहे, त्याला त्यातील व्यवहार लगेच उमगेल. कातळावर माती थोडी, बाजार दूर, चढउतार कठीण. अशा जागी केर हे ओझे न राहता खत व्हावे आणि भाजी दाराशी मिळावी, ही त्यामागील दृष्टी आहे. पोलादपूरच्या डोंगरातील कित्येक वाड्यांची स्थिती आजही याहून फार वेगळी नाही. त्याच ग्रंथात आंब्या-फणसाविषयीही बजावले आहे. ही झाडे रयतेने लेकरांप्रमाणे बहुत काळ जतन करून वाढविलेली असतात, म्हणून ती धन्याच्या संमतीवाचून तोडू नयेत, असा त्याचा आशय आहे.

राखेच्या त्या आदेशाला आजच्या माहितीची थोडी पुरवणी जोडावी लागते. लाकडाच्या राखेत पालाश व चुना असतो. अतिवृष्टीने आम्लधर्मी झालेल्या कोकणच्या जमिनीला ती मानवते, हे खरे. मात्र केर जाळला म्हणजे त्यातील नत्र हवेत निघून जाते. ताज्या शेणात किंवा युरियात राख मिसळली तरी तोच तोटा होतो. शिवाय आजच्या केरात प्लॅस्टिक असते. ते जाळून झालेली राख भाजीच्या मुळाशी कदापि घालू नये. चुलीची निव्वळ राख वाफ्यात टाकावी आणि पालापाचोळा, भाजीची देठे, जनावरांपुढील उष्टावळ खड्ड्यात कुजवावी, हे उत्तम. या कुजवण्याचे शास्त्र अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इंदूर येथे पद्धतशीर मांडले व त्यावरील त्यांचे पुस्तक १९३१ साली निघाले. पुढे पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी विटांच्या जाळीदार हौदाची 'नाडेप' पद्धत बसविली. परसासाठी एवढा मोठा हौद लागत नाही. हातभर खोल खड्डा पुरतो, परंतु पावसाळ्यात त्यावर छप्पर असावे. नाहीतर सारा कस पाण्याबरोबर ओहोळात जातो.

इंग्रजी अमदानीत बागकामाची मोठाली पुस्तके निघाली. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात पाद्री फर्मिंजर यांनी बंगाल व उत्तर हिंदुस्थानासाठी बागकामाचा ग्रंथ लिहिला. त्यानंतर पुण्याच्या सायन्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र व शेतकी शिकविणारे मार्शल वुड्रो यांनी हिंदुस्थानातील बागकामावर पुस्तक केले. गणेशखिंडीच्या वनस्पती बागेची व्यवस्थाही वुड्रो यांच्याकडे होती. ही पुस्तके कष्टाने लिहिलेली आहेत. तरीपण त्यांचा वाचक बंगल्यात राहणारा व पदरी माळी बाळगणारा होता. कोबी, फुलकोबी, नवलकोल केव्हा लावावे याची चिंता त्यांत पुष्कळ आहे. पडवळाच्या मांडवाला कोणता वासा टिकतो याची नाही. मराठी पुस्तकांतही कित्येक वर्षे त्यांच्याच लागवडीच्या तक्त्यांचा नमुना चालत राहिला.

या ठिकाणी एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. परसातील सर्वच भाज्या पूर्वापार आपल्याच आहेत, असे पुष्कळांना वाटते. मिरची, टोमॅटो, रताळे, पपई, पेरू आणि तांबडा भोपळा ही सारी अमेरिका खंडातील. सोळाव्या शतकापासून पोर्तुगिजांच्या जहाजांबरोबर त्यांतील बरीचशी आपल्या किनाऱ्यावर उतरली. सुरपालाला मिरची ठाऊक असणे शक्यच नव्हते. आज मिरचीचे रोप नाही असे परस महाडकडे शोधावे लागेल. कोकणच्या बायकांनी नवे बी आले की ते लावून पाहिले, मानवले ते ठेवले, न मानवले ते सोडले. आणि हे करताना त्यांना कोणत्याही पुस्तकाची वाट पाहावी लागली नाही.

अलीकडच्या मराठी पुस्तकांत श्रीपाद अच्युत दाभोलकर यांचे 'विपुलाच सृष्टी' विशेष वाचनीय आहे. पालापाचोळा, सूर्यप्रकाश आणि थोडके पाणी यांचा नेटका हिशेब ठेवल्यास एका कुटुंबाचे पोषण दहा गुंठ्यांत होऊ शकते, ही त्यांची मांडणी. मात्र उत्साहाच्या भरात हाच हिशेब न्हाणीमागच्या तुकड्याला लावला जातो आणि मग निराशा पदरी येते. म्हणून तो तुकडा प्रत्यक्षात काय देऊ शकतो हे आकड्यांनी पाहणे बरे.

पाच माणसांच्या घरात स्नान व भांडी यांचे पाणी माणशी २० लिटर धरले तर दररोज १०० लिटर सांडपाणी मिळते. उन्हाळ्यात भाजीच्या वाफ्याला चौरस मीटरमागे दिवसाला सुमारे ५ लिटर पाणी लागते. याचा अर्थ १०० लिटरांवर २० चौरस मीटर, म्हणजे गुंठ्याचा जेमतेम पाचवा हिस्सा भिजेल. चार महिन्यांच्या हंगामात चौरस मीटरला २ किलो भाजी धरली, तर एकूण ४० किलो. दिवसाला किलोचा तिसरा हिस्सा. माणशी ३०० ग्रॅम भाजी आहारात असावी असे धरल्यास पाच जणांना दीड किलो हवी. अर्थात उन्हाळ्यात हे परस घराची सगळी भाजी पुरवू शकणार नाही. गरजेच्या पाचव्या हिश्श्याहून थोडे अधिक देईल. जागा असते, पाणी नसते. म्हणून त्या थोड्या पाण्यावर काय लावावे याची निवड महत्त्वाची ठरते. माठ, अळू, मिरची, दोनचार वांगी, एखादा शेवगा आणि न्हाणीच्या तोंडाशी दोन केळी, एवढेच योजावे. साबणाचे पाणी आधी वाळू-खडीच्या चरातून व कर्दळीच्या मुळांतून जाऊ द्यावे. कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी पालेभाजीला न देता केळीकडे वळवावे. वाफ्यावर पेंढा किंवा पाला अंथरला म्हणजे तेवढ्याच पाण्यात झाडे अधिक दिवस तग धरतात.

पावसाळ्यात याच्या नेमकी उलट स्थिती असते. पाण्याला वाट करून देणे हेच तेव्हा मुख्य काम होय. वाफे वीतभर उंच करावेत व त्यांच्या कडेने चर काढावेत. घराच्या पागोळीखाली काहीही लावू नये. पडवळ, शिराळे, कारले, दुधी व काकडी यांची आळी मे महिन्यातच शेणखत घालून तयार करावीत आणि महिन्याच्या अखेरीस घागरीने पाणी घालून बी टोकावे. पाऊस धरण्यापूर्वी वेल मांडवाला लागले तर जुलैच्या अखेरीस फळ मिळू लागते. जूनच्या मध्यावर टोकलेले बी श्रावण उलटेपर्यंत काही देत नाही. या पंधरा दिवसांची किंमत केवढी आहे हे २०२१ साली दिसले. त्या वर्षीच्या जुलैत महाड शहरात महापूर आला, तळिये येथे दरड कोसळून मोठी प्राणहानी झाली आणि आंबेनळी घाटाचा रस्ताही दरडींनी बंद पडला. महाडच्या बाजारात येणारी बहुतेक भाजी घाटावरची. रस्ता तुटला की ती तुटते. अशा वेळी दारचा अळू, मांडवावरचा वेल आणि रानातील टाकळा, भारंगी, कुरडू हाच आधार उरतो.

भातकापणीनंतर परसाला खरा बहर येतो. ओलाव्यावर वाल, पावटा व चवळी, आणि सांडपाण्यावर मुळा, मेथी, कोथिंबीर, वांगी ही नोव्हेंबरपासून चांगली येतात. पुस्तकातील 'खरीप' भाज्यांपैकी पालेभाज्यांचा तक्ता येथे चार-पाच महिने पुढे ढकलून वाचावा. माकडांचा उपद्रव हे मात्र कोणत्याही तक्त्यात नसलेले संकट. हळद, आले आणि अळू यांच्याकडे ती सहसा वळत नाहीत, एवढे लक्षात ठेवून वईच्या बाजूला यांचीच लागण करावी व मिरची-वांगी घराच्या भिंतीलगत घ्यावीत.

बियाण्याची गोष्ट अधिक गंभीर आहे. पूर्वी उत्तम वेलावरचे एक पडवळ, एक शिराळे बियांसाठी राखीत व वाळल्यावर चुलीवर धुरात टांगीत. काकडी-भोपळ्याचे बी शेणात थापून भिंतीला लावीत, वालाचे बी राखेत घोळून मडक्यात ठेवीत. धूर, शेण व राख यांमुळे किडीस मज्जाव होई. आज बहुतेक घरांत गॅस आला. ते चांगलेच झाले. घरातील बायकांच्या डोळ्यांना व छातीला आराम पडला. परंतु बियाण्याचा धूर गेला आणि त्याच्या जागी दुसरी सोय कोणी सांगितली नाही. कमावती माणसे मुंबईला, घरी म्हातारी माणसे. एका पावसाळ्यात बियांना कीड लागली की त्या घरचा वाण संपतो. महापुराचे पाणी ज्या घरांत शिरले तेथील मडक्यांची गत सांगावयास नको.

यावर उपाय सोपा आहे. बी सावलीत खडखडीत वाळवावे, राखेत घोळावे व घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवून बरणी माळ्यावर ठेवावी. ज्यांच्याकडचा वाण गेला असेल त्यांनी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे 'कोकण तारा' कारले, 'कोकण हरिता' शिराळे, 'कोकण श्वेता' पडवळ यांचे बी आणावे. हे सुधारित वाण आहेत, संकरित नव्हेत. त्यांचे बी घरी धरता येते. बाजारातील संकरित बियांचे तसे नाही, आणि पाकिटावर तो शब्द लहान अक्षरांत असतो.

महाड-पोलादपूरच्या परसाचे पुस्तक अद्याप लिहावयाचे आहे आणि त्यातील मजकूर पन्नाशी-साठी उलटलेल्या बायकांपाशी आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक साधी वही घालावी. प्रत्येक वाडीतील दोन-तीन परसे निवडून कोणते बी कोणत्या नक्षत्रावर टोकले, पहिले फळ केव्हा मिळाले, पाणी कोठले, कीड कोणती आली, बी कसे राखले, एवढेच लिहावे. नक्षत्राबरोबर इंग्रजी तारीखही टाकावी. तीन पावसाळ्यांच्या नोंदी जमल्या म्हणजे तालुक्याचा स्वतःचा तक्ता तयार होईल. बियांचा नमुना कागदी पाकिटात घेऊन त्यावर वाण, वाडी व देणारीचे नाव लिहावे. पडवळ, शिराळ्याचे बी मागण्यास मांडव उतरल्यानंतरचे दिवस योग्य. वाला-पावट्याच्या बियांसाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा जावे लागेल.