जंपरचा माग

बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्यात पाणी जमिनीखालून वाहतं. वर दिसतात त्या फक्त ओळीने खोदलेल्या कुंड्या. १६१५च्या सुमाराची ही मुघलकालीन योजना, पण कुंड्यांची ओळ पाहिली की भुयाराची वाट उमगते. माहितीपुस्तिका हरवलेलं जुनं संगणक-कार्ड वाचायचं ते असंच. ऐंशीच्या दशकात आयबीएम पीसीत बसणाऱ्या कार्डांना स्वतःचा पत्ता आणि इंटरप्टची, म्हणजे प्रोसेसरचं लक्ष वेधणारी, तार हातानेच नेमून द्यावी लागे: इवल्या स्विचांनी किंवा दोन पिना जोडणाऱ्या जंपरनी. दोन कार्डांनी एकच पत्ता धरला की दोन्ही रुसायची.

आठ स्विच म्हणजे २५६ शक्यता. म्हणून काहीजण सांगतात, फिरवत राहा, कधीतरी लागेलच. हा सल्ला मला आळशी वाटतो, शिवाय धोक्याचा, कारण प्रत्येक जंपर पत्त्याचाच असतो असं नाही. कार्डावर ७४एलएस६८८ ही चिप असेल, तर ती आलेल्या पत्त्याची स्विचांशी तुलना करते. मीटर लावून तांब्याची रेघ धरली, की कोणता स्विच पत्त्याच्या कोणत्या तारेचा ते कळतं. इंटरप्ट तर आणखी सोपा: जंपरची रेघ कनेक्टरच्या बी२४ या टोकाला भिडली, तर इंटरप्ट क्रमांक चार, म्हणजे सहसा पहिल्या सीरियल पोर्टचा.

आक्षेप रास्त आहे की, तर्क प्रोग्रॅम केलेल्या चिपमध्ये दडला असेल तर रेघ तिथेच संपते. तेव्हा प्रयोग करावाच लागतो. फक्त एका वेळी एकच स्विच बदलून, आणि प्रत्येक बदल कागदावर टिपून.