घाणा आणि पाट

विक्रिया आणि विवेक : लेखांक ६ वा

मागील लेखांकात विक्रियेचा वेग आणि तिच्यातून निघणारी उष्णता यांचा संबंध आपण पाहिला, आणि ज्या भांड्यात ती विक्रिया घडते त्या भांड्याचा विचार पुढील खेपेस करू, असे मी म्हटले होते. त्यासाठी वाचकांना प्रथम आरे-वारे येथील एका वाडीत न्यावयाचे आहे. रत्नागिरीहून काळबादेवीवरून गणपतीपुळ्याकडे जाणारा रस्ता टेकडीवर चढला की ज्या दोन पुळणी एका दृष्टिक्षेपात येतात, त्या परिसरातील नारळी-पोफळीच्या बागेत मी एका सकाळी पाणी लावताना पाहत उभा होतो. विहिरीचे पाणी पाटात उतरत होते. मालक खोऱ्याने एका आळ्याचे तोंड फोडीत, ते भरताच मातीचे ढेकूळ लोटून बुजवीत आणि पुढच्या आळ्याकडे वळत. कोणत्याही क्षणी पाटात दोन-चार घागरींहून अधिक पाणी नव्हते. तरी ऊन चढण्यापूर्वी सारी वाडी भिजली. त्याच वेळी पडवीमागे वड्यांचे घाणे निघत होते. पीठ तेच, हात तेच. पण पहिल्या घाण्याचा रंग फिका उतरला आणि तेल तापत गेल्यावर चौथ्याचा गडद.

रसायनशास्त्राच्या कारखान्यातील दोन पद्धतींचे सारे तत्त्व या दोन दृश्यांत सामावलेले आहे. द्रव्ये एका मोठ्या पात्रात ओतावी, ढवळावी, तापवावी आणि विक्रिया पुरी झाली की पात्र रिकामे करावे, ही घाण्याची पद्धती होय. औषधे, रंग आणि कीटकनाशके यांची निर्मिती मुख्यत्वे तिच्यावरच उभी राहिली. दुसऱ्या पद्धतीत द्रव्ये बारीक नळीच्या एका तोंडाने अखंड आत जातात, वाटेत त्यांचा संयोग घडतो आणि दुसऱ्या तोंडाने सिद्ध पदार्थ बाहेर पडतो. एक मिलिमीटर व्यासाच्या, सुमारे पावणेतेरा मीटर लांबीच्या नळीत दहा मिलिलिटर द्रव मावतो. मिनिटास एक मिलिलिटर या गतीने तो सोडला, तर प्रत्येक थेंबाला विक्रियेसाठी दहा मिनिटे मिळतात, पहिल्याला जितकी तितकीच हजाराव्याला.

या सूक्ष्मतेचे मोल उष्णतेच्या हिशेबात कळते. एक मीटर व्यासाच्या उभ्या पात्रात दर घनमीटर द्रवाच्या वाट्याला भिंतीचा सुमारे ४ चौरस मीटर पृष्ठभाग येतो. एक मिलिमीटरच्या नळीत तोच ४,००० चौरस मीटर होतो. नायट्रीकरणासारखी विक्रिया, जी उष्णता बाहेर पडावयास वाट न मिळाल्यास क्षणात हाताबाहेर जाते आणि म्हणून मोठ्या पात्रात थेंबाथेंबाने, बर्फाळ पाण्याच्या बंदोबस्तात चालवावी लागते, ती नळीत अधिक सुरक्षितपणे चालविता येते, कारण प्रत्येक थेंबाच्या अंगाला शीतल भिंत लागलेली असते.

या पद्धतीचा खरा अर्थ मात्र मला भोपाळच्या वायुदुर्घटनेच्या स्मृतीने समजला. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री ज्या टाकीत पाणी शिरले, तिच्यात सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट साठविलेले होते. आणि ते विष विक्रीचा माल नव्हते, कीटकनाशकाच्या वाटेवरील केवळ मधला टप्पा होते. असा टप्पा नळीतच निर्माण व्हावा आणि पुढच्या हातभर नळीतच खर्ची पडावा, अशी योजना जेथे साधते, तेथे कोणत्याही क्षणी सारा धोका दोन-चार घागरींचा असतो. जे साठविलेच नाही, ते सुटावयाचेही नाही.

आपल्या मुलखात या विद्येचा पाठपुरावा ज्यांनी चिकाटीने केला, त्यांत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डॉ. अमोल कुलकर्णी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. ते मूळचे रासायनिक अभियंते. १९३३ साली स्थापन झालेल्या माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात, प्रा. ज्येष्ठराज जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच.डी.चे संशोधन केले. पुढे जर्मनीतील माग्डेबुर्ग येथील मॅक्स प्लांक संस्थेत काम करून ते पुण्यास आले आणि तेथे त्यांनी सूक्ष्म-विक्रियकांची प्रयोगशाळा उभी केली. अतिसूक्ष्म नळीत द्रव संथ, पदरापदरांनी वाहतो आणि दोन पदर एकमेकांत मिसळावयास वेळ घेतात. तो वेळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून नळी दहापट रुंद केली की मिसळण शंभरपट लांबते. यावर त्यांनी योजलेल्या उपायांपैकी एक डोळ्यांना दिसण्याइतका साधा आहे: नळी ठरावीक अंतरावर चिमटावी, म्हणजे प्रवाह आकसतो, फुलतो आणि घुसळला जातो. हलणारा भाग एकही नाही. भांड्याच्या आकारानेच ढवळणीचे काम पत्करले.

याच मार्गाने त्यांनी चांदीच्या नॅनोतारांची अखंड निर्मिती दिवसाला ५०० ग्रॅमपर्यंत नेली. तापलेल्या ग्लायकॉलमध्ये चांदीच्या क्षारापासून या तारा वाढतात आणि त्यांची जाडी-लांबी तापमानाच्या व वेळेच्या थोड्या फरकानेही बदलते. मोठ्या पात्राच्या मध्यभागी आणि कडेला निरनिराळी परिस्थिती असल्याने तेथे एकसारखा माल मिळणे दुष्कर होते. २०२० साली अभियांत्रिकी विज्ञानासाठीचा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला. या कारकीर्दीतून मी घेतलेला बोध असा की, कार्बनी रसायनज्ञाने रेणूंच्या स्वभावाचा अभ्यास शतकभर केला, पण भांडे मुके मानले. ते मुके नाही, विक्रियेत त्याचाही वाटा आहे, हे अभियंता त्याच्या शेजारी उभा राहिल्यावर उमगले.

भांड्याप्रमाणे विक्रियेतील दुसरा सहभागी म्हणजे उत्प्रेरक. अनेक सुगंधी संयुगांच्या निर्मितीत ॲल्युमिनियम क्लोराइड वापरण्याचा जुना प्रघात आहे. ते मालाच्या बरोबरीने वा अधिक लागते आणि शेवटी पाण्यात पडून आम्लयुक्त सांडपाणी होते. त्याच्या जागी घन आम्ल-उत्प्रेरक आणण्याचे काम माटुंग्यास डॉ. गणपती यादव यांनी अनेक वर्षे केले. असा घन उत्प्रेरक नळीत ठासून बसविला की द्रव त्यावरून वाहून जातो आणि उत्प्रेरक जागेवर राहतो. गाळणे नको, धुणे नको. लोटे-परशुरामच्या कारखान्यांचे सांडपाणी आणि दाभोळच्या खाडीतील मासळी यांच्या तक्रारी ज्या जिल्ह्याने वर्षानुवर्षे ऐकल्या, त्याला या दोन नकारांचे मोल समजावून सांगावे लागणार नाही.

तथापि नळी ही सर्व रोगांवरील मात्रा नव्हे. त्या सकाळी झावळीचा एक तुकडा पाटात आडवा पडला आणि पाहता पाहता पाणी काठावरून फुटून भलतीकडे वाहू लागले. मालक लगबगीने गेले, वाकले, तो उपसून काढला आणि मगच माझ्याशी बोलणे पुढे चालू केले. नळीतही असेच घडते. विक्रियेत घन कण उपजले की ते भिंतीला धरतात, दाब चढतो आणि सारा कारखाना खोळंबतो. श्राव्यातीत ध्वनीची कंपने, द्रावकाची निवड, मधून मधून वायूचे बुडबुडे सोडणे, असे उपाय त्यासाठी संशोधक करीत आले आहेत. घाण्याचा स्वयंपाकी दोन घाण्यांमध्ये विसावू शकतो; पाट चालू असेतो पाटकऱ्याला नजर काढता येत नाही. थोडे बाळगावे आणि अखंड सावध असावे, हीच या विद्येची अट आहे. आणि आपल्या खाड्यांच्या काठी जे कारखाने उभे आहेत व उद्या राहतील, त्यांनी ती आपणहून स्वीकारावी, असे मला मनापासून वाटते.

पुढील लेखांकात उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर नेमके काय घडते, ते पाहू.