पडलेले विमान बेवारस नसते

१९४० च्या उन्हाळ्यात ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ ही जर्मनीविरुद्धची हवाई लढाई ज्या आकाशात लढली गेली, त्याखालच्या केंट-ससेक्सच्या मातीत विमानांचे तुकडे अजून निघतात. ते जमवून काचेच्या कपाटात मांडणारे हौशी तिथे बरेच आहेत; या छंदाबद्दलचे गैरसमजही तितकेच.

गैरसमज: सापडेल त्याचे.
वस्तुस्थिती: ब्रिटनमध्ये लष्करी सेवेत असताना कोसळलेले प्रत्येक विमान १९८६ च्या ‘प्रोटेक्शन ऑफ मिलिटरी रिमेन्स’ कायद्याने आपोआप संरक्षित होते. बुडालेल्या युद्धनौकेला त्यासाठी नावानिशी जाहीर व्हावे लागते, विमानाला नाही. संरक्षण मंत्रालयाच्या परवान्याशिवाय तिथे खोदणे किंवा तुकडा हलवणे हा गुन्हा. शेतमालकाने ‘खुशाल खणा’ म्हटले तरी तेवढ्याने भागत नाही. जर्मन विमान तरी बेवारस असेल, ही पळवाटही बंद: सरकार ते शत्रूकडून हस्तगत केलेली मालमत्ता मानते. आत मानवी अवशेष किंवा न फुटलेला दारूगोळा असण्याची शक्यता असली की परवाना सहसा मिळतच नाही. यावर काही संग्राहक कुरकुरतात. मला ती अट रास्त वाटते. कुणाच्या तरी मुलाचे थडगे उकरून कपाट सजवायचे कशाला?

गैरसमज: बाहेर काढले की विमान वाचले.
वस्तुस्थिती: खरी झीज अनेकदा तिथूनच सुरू होते. जून २०१३ मध्ये केंटजवळच्या समुद्रातल्या गुडविन सँड्स या वाळूच्या पट्ट्यातून एक जर्मन डॉर्नियर १७ बॉम्बफेकी विमान वर काढले. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यात समुद्राचे क्षार मुरलेले. नुसते हवेत ठेवले असते तर ते भुसभुशीत होऊन गेले असते. म्हणून कॉसफर्डच्या आरएएफ संग्रहालयात त्यावर कित्येक महिने सौम्य सायट्रिक आम्लाचे फवारे मारावे लागले. लिंबात असते तेच आम्ल. एवढी तयारी नसेल तर विमान वाळूत होते तेच बरे.

गैरसमज: कॉकपिटमधल्या तबकड्या अंधारात चमकत नाहीत, म्हणजे निर्धोक.
वस्तुस्थिती: विझतो तो रंगातला चमकणारा पदार्थ. त्याला चेतवणाऱ्या रेडियमचा अर्धायुष्यकाल सुमारे १६०० वर्षे आहे. काच उघडून रंग खरवडला तर त्याची धूळ श्वासावाटे आत जाते. बंद कपाटात रेडॉन वायूही साठतो.

गैरसमज: घासून लखलखीत केलेला तुकडा प्रदर्शनात शोभतो.
वस्तुस्थिती: शोभत असेल, पण मुका होतो. मूळ रंगाचा थर, तपासनिसाचा शिक्का, ठोकलेला भाग-क्रमांक यांवरूनच विमान ओळखता येते. ३०० ने सुरू होणारा क्रमांक दिसला की जाणकार स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचे नाव घेतो. तारेच्या ब्रशने घासणाऱ्याच्या हाती मात्र चकचकीत अ‍ॅल्युमिनियम उरते, आणि त्याला भाव भंगाराचाच.