विद्यापीठातलं गणित आणि गावातला मास्तर

नगरहून पाथर्डीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं तिसगाव घ्या. इथल्या किंवा आसपासच्या एखाद्या शाळेतला गणिताचा शिक्षक पुण्याला विद्यापीठात शिकून आलेला असतो. दोन वर्षं त्यानं थोर थोर सिद्धांतांशी झटापट केलेली असते. मग नोकरी लागते आणि पुढली तीस वर्षं तो नफा-तोटा नि त्रैराशिक शिकवतो. दहा वर्षांत जुन्या वह्या वाळवीच्या तोंडी जातात, आणि जो विषय एकेकाळी जीव की प्राण होता तो नुसता पगाराचा धंदा होऊन बसतो. यात दोष एकट्या शिक्षकाचा का? माझ्या मते नाही. ज्या विभागानं त्याला घडवलं त्यानंही त्याची विचारपूस करायला हवी.

आता तुम्ही म्हणाल, विचारपूस तर होते की! माजी विद्यार्थ्यांचे मेळावे भरतात, जेवण होतं, फोटो निघतो. महाविद्यालयांचं मूल्यमापन करणारी नॅकची समितीसुद्धा माजी विद्यार्थ्यांशी संबंध कसा ठेवता, हे पाहते. म्हणून नावांची वहीही नीटनेटकी असते. पण वहीत नाव असणं निराळं आणि मनात गणित जागं असणं निराळं.

हे जागं ठेवण्याची एक फार साधी तऱ्हा आपल्या पुण्यातच होऊन गेली. 1907 साली व्ही. रामस्वामी अय्यर या मद्रास इलाख्यातल्या डेप्युटी कलेक्टरांनी पुढाकार घेऊन गणितप्रेमींचं एक मंडळ काढलं. तेच पुढं इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झालं. काढणारा प्राध्यापक नव्हे, सरकारी कामदार, हे ध्यानात घ्या बरं का! मंडळाचं ग्रंथालय ठेवलं होतं फर्ग्युसन कॉलेजात. परदेशी नियतकालिकं तिथं येत आणि टपालानं एका सभासदाकडून दुसऱ्याकडे फिरत. पुण्याबाहेरच्या सभासदालाही अंक घरपोच मिळे. वाचायचा आणि पुढं धाडायचा. मंडळाचं स्वतःचं नियतकालिकही निघालं. मद्रासेत नोकरीसाठी वणवण करणाऱ्या रामानुजनचा पहिला मोठा लेख 1911 साली त्यातच छापून आला.

याच फर्ग्युसनचा एक विद्यार्थी म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. 1927 साली त्यांनी रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळवलं, 1929 साली पदवी घेतली आणि पुढं नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर झाले. 1962 साली निवृत्त होईपर्यंत ते तिथंच शिकवीत राहिले. पण परिषदा त्यांनी सोडल्या नाहीत. 1949 साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी एक मौज मांडली. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लिहा, त्यातून चढत्या क्रमानं लिहिलेली संख्या वजा करा. उत्तराचं पुन्हा तसंच करा. 3524 घेतली तर 5432 वजा 2345 म्हणजे 3087. मग 8730 वजा 0378 म्हणजे 8352. मग 8532 वजा 2358 म्हणजे 6174. यापुढं कितीही वेळा करा, 6174 च येणार. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत हा मुक्काम गाठतोच. 1949 हीच संख्या घेऊन पाहा, तिला पुऱ्या सात लागतात.

देशातल्या पुष्कळ विद्वानांना हे पोरखेळ वाटले. मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकानं 1975 साली त्यावर लिहिलं, तेव्हा जगभर कापरेकरांचं नाव झालं. शाळामास्तरानं काही नवं धाडलं तर ते उघडून पाहण्याचीसुद्धा तसदी न घेणं, हा प्रकार संबंध तुटल्याचंच लक्षण आहे. मग मेळाव्यात हार घालून काय उपयोग?

उलट बाजूचं उदाहरणही आहे. श्रीराम अभ्यंकर मुंबईत शिकले, हार्वर्डला गेले, अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात नामांकित प्राध्यापक झाले. पण 1976 साली त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान काढलं. संशोधन तर तिथं चालतंच, शिवाय शाळेतल्या मुलांची ऑलिंपियाडची तयारीही करून घेतात. म्हणजे गेलेला विद्यार्थी परत आला तो देणगीची पावती घेऊन नव्हे, गणित घेऊन.

आता तर टपालाचीही वाट पाहायला नको. विभागानं महिन्याला एक चांगला प्रश्न आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना मोबाइलवर पाठवला आणि आलेली उत्तरं वाचून दोन ओळींचा जबाब दिला, तरी पुष्कळ झालं. खर्च जवळजवळ नाहीच. वाचणारा माणूस मात्र पाहिजे.

आणि गुरुजी, विभागाकडून पहिलं पत्र येण्याची वाट तुम्ही तरी का पाहावी? वर्गात कापरेकरांची वजाबाकी तीन अंकांवर करून घ्या. मुलं 495 वर येऊन थांबतील. मग पाच अंकांवर करायला सांगा. तिथं मात्र एका संख्येवर मुक्काम होत नाही, फेरे सुरू होतात. कोणते फेरे, किती लांबीचे, हे मुलांनाच शोधू द्या, आणि जे हाती लागेल ते मुलांच्या नावांसह आपल्या जुन्या विभागाला लिहून कळवा.