वळणाला वळणारे माथेरानचे इंजिन

फर्दापूरहून जळगावच्या रस्त्याला लागले की पहूर येते. पाचोरा-जामनेर या छोट्या गाडीचे, लोकांच्या तोंडी ‘पीजे’चे, ते स्टेशन होते. तिच्या दोन रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर. माथेरानच्या छोट्या गाडीचे त्याहून कमी, ६१० मिलिमीटर. पण वाफेच्या इंजिनातली खरी करामत तिथे होती.

लांब, ताठ सांगाड्याचे इंजिन तीव्र वळणावर अडते. चाकांच्या कडा रुळाला घासतात. सांगाडा आखूड करावा, तर घाट चढण्याइतके वजन आणि पाणी त्यात मावत नाही. फेअर्ली या अभियंत्याने इंजिनाखाली चाकांच्या स्वतंत्र वळणाऱ्या दोन चौकटी दिल्या. त्याचे ‘लिटल वंडर’ १८६९ मध्ये वेल्समध्ये धावले. गॅरेट या अभियंत्याने दोन इंजिनांच्या मधोमध बॉयलर टांगला. १९११ मध्ये तसे एक इंजिन दार्जिलिंगला आले.

माथेरानने निवडलेली वाट याहून साधी आणि माझ्या मते अधिक देखणी. आदमजी पीरभॉय कुटुंबाने १९०७ मध्ये सुरू केलेल्या या मार्गावर वीसास एक असा चढ आहे. बार्शी लाइट रेल्वे उभारणाऱ्या एव्हरार्ड कॅलथ्रॉपने सुचवलेली चार इंजिने जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलने बांधली. सहा चाके, तीन आस. मधला आस नेहमीसारखा. पुढचा आणि मागचा क्लिन-लिंडनर पद्धतीचे. या पद्धतीत चाके एका पोकळ नळीवर बसतात आणि भरीव आस नळीच्या आतून जातो. आसाच्या मध्यावर गोळा असतो, त्यातली खीळ नळीला फिरवते. वळण आले की नळी चाकांसकट तिरकी होते, बाजूला सरकते. आतला आस मात्र सांगाड्याशी काटकोनातच राहतो, त्यामुळे बाहेरचे जोडदांडे अडकत नाहीत. सांधा बाहेरून दिसतच नाही!

छोटी प्रतिकृती करताना हा सांधा गाळला तरी चालते. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी १९९८ मध्ये उघडलेल्या लघुरेल्वे संग्रहालयामुळे ओळखीच्या झालेल्या १:८७ या प्रमाणात माथेरानचा रूळ जेमतेम ७ मिलिमीटरचा होतो. तिथे टोकाच्या आसांना थोडी ढील द्यावी, बाहेरचे दांडे मात्र हुबेहूब फिरवावेत. लेथ हाताशी असेल तर १:१२ घ्यावे: रूळ ५१ मिलिमीटरचा होतो, नळी आणि गोळा खरोखर कातता येतात. मेहनत करायची तर इथेच करावी.

नवशिक्याने आधी ‘पीजे’ घ्यावी. १:८७ मध्ये तिचा रूळ ८.८ मिलिमीटर येतो, आणि ९ मिलिमीटरचे तयार रूळ बाजारात मिळतात. त्या मार्गाचे आता ब्रॉडगेज होते आहे. पहूर, फर्दापूर, जामनेरच्या वाचकांनो, घरातले जुने फोटो शोधा, आणि स्टेशन, फलाट, पूल यांतले जे अजून उभे आहे त्याची टेप लावून मापे घेऊन ठेवा.